मिसेस देवमन पडघान यांचा विमानप्रवास

"बाबा, माझ्या डॉक्टरेटची तारीख ठरली. तुमी अन् आई, दोघंही याच," आमच्या रूपानं फोनवर सांगितलं आणि मी आनंदानं 'हो' म्हणेपर्यंत पुढचं वाक्य टाकलं, "पण वेळेवर या. इथं वेळ झाली का सभागृहाचं दार लावून घेतात. मंग कोणी येवो, उघडत नाईत."

या एका वाक्यानं माझं स्वास्थ्य गेलं ते गेलंच.

वास्तविक वेळेच्या बाबतीत मला कोणी शिकवावं अशी परिस्थिती नाही. मी वाशीमहून आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला रोज एसटीनं जाऊन उभी हयात भूगोल शिकवला आणि माझी प्रार्थना कधी चुकली नाही. एसटीची चुकली असेल, माझी नाही. पण हे दार नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन गावचं होतं, आणि तिथं मालेगावची गाडी जात नाही.

रूपा म्हणाली, "तिकिटं मी काढते." मी म्हणालो, "भूगोलाच्या शिक्षकाले युरोपात जायचा रस्ता पोरीनं दाखवावा काय?" युरोपचा नकाशा मी फळ्यावर डोळे मिटून काढतो. इटलीचा बूट तर असा काढतो की पोरांना त्याची नाडीसुद्धा दिसते. तेव्हा तिकिटं मीच काढणार, असं मी जाहीर केलं. आमची सौ., शीला, आतून म्हणाली, "शेगावचं रिझर्वेशन काढलं होतं तवा आपण अकोल्याले उतरलो होतो." बायकांना कुठली गोष्ट कधी आठवेल याचा नेम नसतो.

माझं जाहीर करणं कुंपणापलीकडे धरमसिंग राठोडांनी ऐकलं. धरमसिंग म्हणजे निवृत्त हवालदार. त्यांचा पुतण्या गोविंदसिंग एकदा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तीन आठवडे जर्मनीत राहून आला, तेव्हापासून वाशीमच्या आमच्या लाखाळा भागात युरोप खंड धरमसिंगांच्या ताब्यात आहे.

"सर, सीधं जाऊ नका," ते कुंपणावर कोपर ठेवून म्हणाले. "मुंबईवरून मिलान सस्तं पडते. मिलानवरून तिकडच्या छोट्या कंपन्यायचे इमानं राह्यते. शेलूबाजारच्या चौकात जीप लागते का नाई? तसं. भरली का सुटली."

"अन् नाई भरली तं?" शीलानं विचारलं.

"तिकडं भरतेच, वहिनी. लोकाइले कामं नाईत."

मग त्यांनी रूपाचा विषय विचारला. शेतातल्या मातीत ओल किती आहे हे सांगणारं यंत्र तिनं तयार केलंय, असं मी अभिमानानं सांगितलं. धरमसिंगांनी कुंपणावरचं कोपर बदललं. "त्याले यंत्र कायले लागते? चप्पल काढली का समजते," ते म्हणाले आणि पुन्हा विमानाकडे वळले.

बसस्टँडसमोर सेवादासचं ऑनलाइन सेंटर आहे. स्कॉलरशिपपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं तिथं निघतं. मुंबई ते मिलान हे तिकीट सेवादासनं चहा येईपर्यंत काढलं. चहा प्यायल्यावर आम्ही छोट्या कंपनीकडे वळलो. तिचं नाव विप्पा एअर. विप्पाचं तिकीट एवढं स्वस्त होतं की मला वाटलं, यात एक चाक नसेल. मग पानं उघडू लागली. मनाजोगी जागा हवी? जादा पैसे. मोठी बॅग? जादा. विमानात आधी चढायचंय? जादा. तुमचा विमा? तुमच्या बॅगेचा विमा? उतरल्यावर गाडी? गाडीचा विमा? सेवादास प्रत्येक पानावर 'नाही' दाबत गेला. मध्ये एकदा चुकून 'हो' दाबलं गेलं तर आम्हाला बार्सिलोनात हॉटेल मिळत होतं. ते सोडवता सोडवता त्याच्या कपाळाला घाम आला.

त्या गडबडीत एक लहानशी चूक झाली, ती घरी आल्यावर शीलाला दिसली. तिकिटावर माझ्या नावामागे 'मिसेस' लागलं होतं आणि शीलाच्या नावामागे 'मिस्टर'.

मी तसाच परत गेलो. सेवादासनं शोधून सांगितलं, की दुरुस्ती करता येते, पण तिचा दर तिकिटाच्या वर आहे. "राहू द्या न, सर," तो म्हणाला. "वाशीमले कोणाले समजून राह्यलं?" पण त्या वेळी दुकानात स्कॉलरशिपवाली बरीच पोरं बसली होती, आणि माझे विद्यार्थी जिल्हाभर पसरलेले आहेत. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं विचारलं, "मिस्टर घरी हायेत का?" शीला आतून म्हणाली, "हाओ, आली."

आता बॅगेचा प्रश्न. विप्पाच्या नियमाप्रमाणे माणशी एकच पिशवी, आणि तीही समोरच्या सीटखाली मावेल एवढीच. मुंबईच्या विमानात दोघांना मोठमोठ्या बॅगा फुकट नेता येत होत्या. पण पुढे विप्पा असल्यामुळे आम्ही दोन दप्तरं घेऊन सातासमुद्रापलीकडे निघणार होतो. बाजारात त्या मापाची बॅग मिळेना. तेव्हा धरमसिंगांनी टेप आणला, शिंप्याला माप दिलं, आणि पाण्याच्या फिल्टरचं खोकं कापून त्याच मापाची एक पेटी केली. विमानतळावर अशीच लोखंडी पेटी असते म्हणे. बॅग तीत गेली पाहिजे. आठवडाभर आमच्या अंगणात हाच कार्यक्रम चालला. येणारा जाणारा बॅग उचलायचा, पेटीत घालायचा, काढायचा आणि आपलं मत द्यायचा.

रिकामी बॅग पेटीत अगदी बिनविरोध बसली. मग माझी आई, चंपाबाई, भावाकडून आली. तिनं नातीसाठी शिवलेली वाकळ सोबत आणली होती, आपल्या जुन्या लुगड्यांची, चांगली जाड. "पोरगी बरफात राह्यते," ती म्हणाली. मी सांगितलं की तिकडे आता उन्हाळा आहे. "उनाया सरत नाई काय?" आई म्हणाली. वाकळ बॅगेत गेली. त्यावर शीलानं शेवया, कुरडया, जवसाची चटणी आणि ठेच्याची बरणी भरली. बॅग पेटीत जाईना. धरमसिंग तिच्यावर बसले, तेव्हा गेली. "तिथं कोण बसंन?" मी विचारलं. "तुमी बसजा," ते म्हणाले.

आता थेट मिलानला येतो, कारण मुंबईच्या विमानात काही घडलं नाही. मी रात्रभर घड्याळ बघत होतो, एवढंच.

विप्पाच्या तिकिटावर 'मिलान' लिहिलं होतं, पण त्यांचा विमानतळ मिलानपासून इतका लांब होता की बसमध्ये शीलाची एक झोप झाली. वाशीमचं तिकीट देऊन शेलूबाजारला उतरवावं, तसला प्रकार. आम्ही विमानतळाजवळच्या लॉजवर मुक्काम केला. सकाळचं विमान, दुपारी रूपाचा समारंभ, मध्ये भरपूर वेळ. रूपानं फोनवर विचारलं, "बाबा, आदल्या दिवशीचं विमान काहून नाई घेतलं?" आदल्या दिवशीचं महाग होतं, हे मी तिला सांगितलं नाही. "सगळं हिशोबात आहे," म्हणालो.

विमानतळावर आम्ही इतक्या लवकर पोहोचलो की दुकानांची शटरं खाली होती. तपासणीच्या ठिकाणी एका धिप्पाड शिपायानं माझी बॅग उघडली आणि ठेच्याची बरणी उजेडात धरली.

"लिक्विड?" त्यानं विचारलं.

"नो लिक्विड. चिली," मी म्हणालो.

त्यानं झाकण उघडून आत नाक घातलं. पुढचं मी बघू शकलो नाही, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याला दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. तिसऱ्यानं रबरी हातमोजे घालून बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"पाट्यावर वाटला होता," शीला त्या डब्याकडे बघत म्हणाली. "पोरीनं चार वर्ष झाले, ठेचा खाल्ला नाई."

मी तिला हाताला धरून पुढे नेलं. गेटवर आम्ही रांगेत पहिले. विप्पाच्या पोरीनं माझा बोर्डिंग पास घेतला, उलटा केला, सुलटा केला. "व्हेअर इज द स्टॅम्प?"

शिक्का! युरोपाबाहेरच्या प्रवाशांनी आधी काउंटरवर पासपोर्ट-व्हिसा दाखवून पासवर शिक्का मारून घ्यायचा, असा नियम होता. तो पासवर छापलेलाही होता, इतक्या बारीक अक्षरात की मुंगीलाही चष्मा लागावा. काउंटर कुठे? तर तपासणीच्या बाहेर. जिथून आलो तिथं.

आम्ही पळालो. शीलाच्या पायात नव्या चपला होत्या, त्या तिनं हातात घेतल्या. काउंटरवर रांग होती, आणि रांगेतल्या प्रत्येक माणसाचं त्या पोरीशी भांडण होतं. माझा एक पाय रांगेत आणि एक डोळा भिंतीवरच्या घड्याळात. पुढच्या माणसाला मी मोडक्या इंग्रजीत 'माय डॉटर, डॉक्टर, डोअर क्लोज' असं सांगितलं. त्याला वाटलं माझी मुलगी दवाखान्यात आहे. त्यानं छातीला हात लावून आम्हाला पुढे जाऊ दिलं, त्याच्या पुढच्यांनाही काहीतरी सांगितलं, आणि एक म्हातारी तर माझ्या पाठीवर थोपटू लागली. खुलासा करायला वेळ नव्हता. शीलानं विचारलं, "हे सारे रडके तोंडं करून काहून पाहून राह्यले?" मी म्हणालो, "चांगले लोक आहेत. चाल."

काउंटरवरच्या पोरीनं पासपोर्ट पाहिले. "मिसेस देवमन?"

"मी," मी म्हणालो.

तिनं शीलाकडे पाहिलं. "मिस्टर शीला?"

शीलानं मान डोलावली. पोरीनं आमच्याकडे एकदा आलटून पालटून पाहिलं आणि गोड हसून शिक्के मारले. ज्या गोष्टीची मी वाशीमपासून धास्ती घेतली होती, तिचं युरोपात कोणालाच काही वाटलं नाही. उलट मला 'मॅडम' म्हणायचं की काय, असा एक विचार तिच्या चेहऱ्यावर येऊन गेला.

पुन्हा तपासणी. तो धिप्पाड शिपाई अजून खुर्चीवरच होता. आम्हाला पाहताच त्यानं हातानंच 'जा, जा' केलं.

गेटवर आता आम्ही रांगेत शेवटचे. आणि तिथं होती ती लोखंडी पेटी. माझी बॅग तीत अर्ध्यावर अडकली. मी दाबली. हलेना. मी इकडेतिकडे पाहून तिच्यावर बसलो.

"सर, प्लीज डोन्ट सिट," पोरगी म्हणाली. "यू मस्ट पे."

तिनं आकडा सांगितला. विप्पाची दोन तिकिटं मिळून एवढी झाली नव्हती. तेव्हा शीलानं सूत्रं हाती घेतली. भर गेटवर तिनं बॅग उघडली. माझ्या अंगात सदऱ्यावर दुसरा सदरा, त्यावर तिसरा, त्यावर समारंभासाठी शिवलेला कोट. कोटाच्या खिशांत जवसाची चटणी आणि कुरडयांच्या पुड्या. आणि सगळ्यांवरून आईची वाकळ, शालीसारखी. शीलानं स्वतः साडीवर साडी गुंडाळली आणि शेवया पदरात बांधल्या. बॅग पेटीत टुणकन गेली. रांगेतल्या कोणीतरी टाळी वाजवली. मला पंचायत समितीचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हाही शाल होती, टाळ्या होत्या. पण तेव्हा मला एवढा घाम आला नव्हता.

जागेसाठी जादा पैसे न भरल्यामुळे शीला पुढे, मी पार मागे, दोन दणकट तरुणांच्या मध्ये. वाकळीसह बसलो तेव्हा दोघांच्याही मांड्यांवर माझ्या आईचं एकेक लुगडं पसरलं. विमान हललं. मी सुटकेचा श्वास टाकला. विमान थांबलं.

"आकाशात गर्दी आहे," अशा अर्थाचं कॅप्टन काहीतरी बोलला.

आकाशात गर्दी! मी खिडकीकडे मान लांब केली. निळंशार, रिकामं आभाळ. मी घड्याळ पाहिलं. उठलो. हवाई सुंदरीनं बसवलं. पुन्हा घड्याळ पाहिलं. पुन्हा उठलो. समोरून शीलाचा आवाज आला, सगळ्या विमानाला ऐकू जाईल असा, "रूपाचे बाबा, भरलं नाई काय अजून?"

"भरलं आहे! आकाश भरलं आहे!"

"आँ?"

पाणी मागितलं तर तेही विकत. मग त्या पोरी सामान विकू लागल्या. अत्तरं, घड्याळं, शेवटी नाण्यानं खरवडायची लॉटरीची तिकिटं. जागच्या जागी उभ्या विमानात लॉटरी! माझं नशीब त्या क्षणी धावपट्टीवर उभं होतं, ते खरवडून बघायची माझी हिंमत नव्हती. डावीकडच्या तरुणानं विचारलं, तुम्हाला थंडी वाजते का? मी 'नो' म्हणालो. त्यानं अंग चोरून घेतलं.

विमान उडालं तेव्हा माझ्या हिशोबातला भरपूर वेळ संपलेला होता.

आइंडहोव्हनला टॅक्सी केली. रूपाचा फोन लागेना. तिनं बंद केला असणार. विद्यापीठाच्या इमारतीत शिरलो, जिन्यानं वर धावलो. लांब कॉरिडॉरच्या टोकाला काळा झगा घातलेली एक उंच बाई हातात घुंगरांचा दंड घेऊन उभी होती, एखाद्या संस्थानच्या चोपदारासारखी. तिनं दाराला हात घातला.

"वेट!" मी ओरडलो.

दार लागलं.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पासपोर्ट काढला. "फादर," म्हणालो. शीलाकडे बोट दाखवलं, "मदर." त्या बाईच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसलं. तिनं हळू आवाजात सांगितलं, की नियम आहे, आत मुलगी उभी राहिली आहे, आता दार उघडलं तर तिचं चित्त विचलित होईल. आणि बाकाकडे हात केला.

मला भांडता आलं असतं. साऱ्या प्रवासात साठलेलं भांडण तयारच होतं. पण शीला म्हणाली, "नका बोलू. पोरगी गडबडून जाईन." ती दाराजवळ गेली आणि हळूच कान लावून उभी राहिली. मी बाकावर बसलो. उठलो. पुन्हा बसलो. मग मीही जाऊन दुसऱ्या झडपेला कान लावला.

आतून आवाज येत होता. एक जाड, पुरुषी, प्रश्न विचारणारा. आणि मग रूपाचा. न अडखळणारा, न घाईचा.

"काय म्हणते ओ?" शीला कुजबुजली.

मला एक शब्द समजत नव्हता. "मातीबद्दल सांगून राह्यली," मी म्हणालो.

"बरोबर सांगून राह्यली का?"

"आवाज पाय न तिचा. तो इचारणाराच भेला असंन."

शीलानं डोळे पुसले. चोपदारीणबाई आमच्याकडे पाहत नाही असं दाखवत भिंतीवरचं चित्र पाहत होती. बऱ्याच वेळानं तिनं दंड उचलला, आम्हाला हलकेच बाजूला केलं, आत जाऊन दंड जमिनीवर आपटला आणि लॅटिनमध्ये काहीतरी पुकारलं. वेळ संपली होती. दार उघडलं. प्राध्यापक झगे सावरत निकाल ठरवायला आतल्या खोलीत गेले आणि बाकी लोक बाहेर आले. सगळ्यांच्या मागून रूपा.

तिनं आम्हाला पाहिलं. आईच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे आली, मिठी मारली, आणि एकदम मागे झाली. "बाबा, किती सुजले तुमी! तब्येत बरी नाई काय?"

"सदरे आहेत," मी म्हणालो.

"तुमी आले नाई असं वाटलं मले. पहिला प्रश्न आला तवा मी दाराकडेच पाह्यत होती."

"आमी दारालेच होतो," शीला म्हणाली. "बाहेरच्या अंगानं."

रूपा हसली, आणि मग तिला रडू आलं. वाकळीचा वास घेऊन ती म्हणाली, "आजीच्या घरचा वास येते." तेवढ्यात चोपदारीणबाई पुढे आली. आता निकाल सांगणार होते, पदवी देणार होते, आणि त्यासाठी दार उघडंच राहणार होतं. तिनं स्वतः आम्हाला नेऊन पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. झगेवाले ओळीनं आत आले. सगळे उठून उभे राहिले, आम्हीही. रूपाला 'डॉक्टर' म्हटलं तेव्हा शीलानं माझा हात एवढा दाबला की खिशातल्या कुरडया मोडल्याचा आवाज झाला.

समारंभ संपल्यावर रूपाचे मोठे प्राध्यापक आमच्याकडे आले. पांढरे केस, हसरा चेहरा. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "मिस्टर पडघान, हाऊ वॉज युवर फ्लाइट?"

किती तासांनी कोणीतरी मला मिस्टर म्हटलं होतं! माझा ताठा परत आला. जिल्ह्याची, देशाची आणि भूगोल या विषयाची अब्रू माझ्या हातात होती.

"व्हेरी कम्फर्टेबल, सर," मी म्हणालो. "एक्सलंट सर्व्हिस."

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. त्यांनी मागे वळून हाक मारली. रूपाच्या विभागातली सगळी मंडळी हसत पुढे आली आणि त्यांनी माझ्या हातात रिबन बांधलेलं एक पाकीट दिलं. रूपाच्या आईवडलांना युरोप दिसावा म्हणून सगळ्यांनी मिळून दिलेली भेट. आम्हा दोघांना येत्या शनिवारी रोम. जाऊन येऊन. विप्पा एअर.

मी पाकिटाकडे बघत राहिलो. रूपा टाळ्या वाजवत होती. प्राध्यापक टाळ्या वाजवत होते.

"काय देलं ओ?" शीलानं कानात विचारलं.

मी सांगितलं. मग कोटाची वरची गुंडी सोडायला हात नेला, कारण आता खरोखरच जीव घाबरा झाला होता.

शीलानं माझा हात धरला.

"शनवार कितीक दूर आहे?" ती म्हणाली. "मंग आता काढता कायले?"